गिटारींची आखाजी

धुळ्याचे दगू नाना दर आखाजीला आपल्या गिटारींना माहेरी बोलावतात.

हे वाक्य मी जळगावात कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग माझ्या हातातल्या ग्लासाकडे. ग्लासात ताक असतं. मी पाडलेल्या इमारतींचं जुनं लाकूड विकणारा माणूस. गोष्टी रचायला मला वेळ नाही आणि अक्कलही नाही. जे पाहिलं ते सांगतो.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात दिवाळीहून मोठा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस-पुरणपोळी खातात. नानांना लेक नाही. त्यांनी बनवलेल्या एकोणीस बेस गिटारी आहेत आणि त्या नाशिक, पुणे, मुंबई, सुरत अशा चार दिशांना नांदतात. ‘नांदतात’ हा शब्द माझा नाही, नानांचा.

आखाजीच्या सकाळी धुळ्याच्या स्टँडवर पाठीला लांब काळ्या पिशव्या लावलेली माणसं उतरू लागतात. कुणाच्या कानात बाळी, कुणाचे केस खांद्यापर्यंत, आणि सगळ्यांचे चेहरे उन्हानं टोमॅटो झालेले. रिक्षावाल्यांना आता सवय झाली आहे. ते विचारत नाहीत, सरळ नानांच्या दारात नेऊन सोडतात. नाना दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभे. तो ओवाळायचा पिशवीवरून, वाजवणाऱ्यावरून नाही. मग ओल्या फडक्यानं पिशवी पुसायची, आत घेऊन जायची, सावलीत टेकवायची. एवढं झाल्यावर नानांना आठवतं की गिटार एकटी आलेली नाही. “हां, तुम्हीपण पाणी घ्या.”

दिवसभर मग एकेकीची तपासणी. तारा बदलायच्या, पट्ट्या घासायच्या, वाकलेली मान सरळ करायची. याचे पैसे घेत नाहीत. “माहेरपणाचे पैसे घेतस का कोनी?” म्हणतात. आणि जो वाजवणारा आखाजीला गिटार आणत नाही, त्याला नाना पुन्हा दारात उभं करत नाहीत.

मला तर त्यांनी भरल्या पंगतीतून उठवलं होतं. पण ते नंतर.

*

माझी आणि नानांची ओळख ठोकाठोकीतून झाली. मी मूळचा असोद्याचा. जळगावात हातगाडीवर भंगार गोळा करत सुरुवात केली, आज मेहरूणच्या बाजूला माझं स्वतःचं आवार आहे. दारं, खिडक्या, खांब, तुळया. गिऱ्हाईक आवारात शिरलं की तो किती देईल हे मी त्याच्या चपलेवरून ओळखतो. नाना शिरले तेव्हा पायात टायरच्या चपला होत्या. मी पेपर वाचत बसलो.

तासाभरानं वर पाहिलं तर हा माणूस प्रत्येक तुळईला बोटाच्या पेराने टकटक करतोय आणि कान लावून बसतोय. डॉक्टर बाळाच्या छातीला लावतो तसा. माझं डोकं फिरलं.

“ओ नाना, लाकूड आहे ते, आत कोणी राहत नाही!”

त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. “थांब शेठ. त्याले बोलू दे.”

चार तास ठोकून त्यांनी काय निवडावं? धुळ्याच्या एका जुन्या जिनिंग गिरणीची सागाची तुळई. कापसाच्या धुळीनं काळी पडलेली, सगळी खिळ्यांनी भोसकलेली. मी ती सरपणात टाकली होती. तरी सवयीनं चौपट भाव सांगितला. म्हटलं आता हा निम्म्यावर येईल, मी ओरडेन, तो उठून जाईल, मी हाक मारेन. तीस वर्षं असाच धंदा केला आहे. नानांनी खिशात हात घातला आणि मी सांगितले तेवढे पैसे काढून दिले.

घासाघीस न करता पैसे देणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. त्याला काहीतरी माहीत असतं जे मला माहीत नसतं. रात्रभर तळमळलो. दुसऱ्या दिवशी माल पोचवायच्या निमित्तानं स्वतः टेम्पो घेऊन धुळ्याला गेलो, फक्त या तुळईत असं काय आहे ते बघायला.

*

नानांचं दुकान म्हणजे मोटार वाइंडिंगचं. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, नाना त्यात नवी तार भरून देतात. जमिनीवर तेलाचे डाग, भिंतीला तारेच्या गुंडाळ्या. तीनचार खोल्यांचं घर मागे. बायको वारलेली, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या मांडणीवर भांडी ओळीनं उपडी पडलेली. आणि दुकानाच्या एका कोपऱ्यात, मोटारींच्या मधोमध, नवऱ्या मुलीसारखी उभी एक बेस गिटार.

मला वाटलं होतं गिटार म्हणजे पोरांनी कॉलेजात मिरवायची ती. ही तशी नव्हे. चार तारा, त्याही जाड. मान लांबच लांब. पोट भरीव, आत पोकळी नाही. पुढची गिटार गाण्यात नाचते, ही खालून चालते.

“गिटारच्या नादाला कसे लागलात?” मी विचारलं.

तर एका ऑर्केस्ट्रावाल्याची बेस मुकी झाली होती. कुणीतरी त्याला सांगितलं, तार भरायचीय ना, दगू नानाकडे जा. नानांनी उघडली. आत चुंबक आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. वरची जाड तार हलली की खालच्या फेऱ्यांत वीज तयार होते आणि तीच वायरमधून बाहेर जाते. त्याला पिकअप म्हणतात. “मी म्हणलं, हाई तं मोटार शे! फक्त फिरत नही, बोलस.” नानांनी ती भरली, दुकानातल्या जुन्या स्पीकरला जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची एक कढई आपोआप वाजायला लागली.

तिथून नानांचं आयुष्य वाकडं झालं, किंवा सरळ झालं. मोटारी भरायचे ते पोटासाठी. बाकी वेळ गिटार.

मी त्या दिवशी दोन तासांसाठी गेलो होतो, तीन दिवस राहिलो. खोटं कशाला सांगू, मी आयुष्यात लाकूड फक्त घनफुटात पाहिलं होतं. नानांनी माझी तुळई उभी चिरली. वरून काळी कोळसा, आतून मधासारखी. खिळ्यांच्या भोकांभोवती लोखंड मुरून निळसर रेघा उमटलेल्या, जणू कुणी मुद्दाम काढल्यात. गिटारीचं अंग सागाचं. मान शिसवीची, तीन पट्ट्या उलटसुलट चिकटवून, म्हणजे एक वाकायला लागली तर दुसरी तिला धरेल. बोटं फिरतात ती वरची पट्टी अंजनाची. अंजन आमच्या इकडचं झाड. त्याच्यावर करवत घातली तर करवत रडते. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, टोकाला नट. चार जाड तारा मानेला पुढे ओढत असतात, सळई तिला मागे धरते.

“किती ओढ असते?” मी विचारलं.

“दोन माणसं दोन बाजूंनी लोंबकळली तर होईल तेवढी. पण बघून कळतं का? सरळ उभी राहते.” मग जरा थांबून, “बाईमाणसासारखी.”

आणि घाई नाही. घाई या शब्दाचंच त्यांना वावडं. चिकटवलेली मान पत्र्याखाली ठेवायची आणि पूर्ण उन्हाळा तिथेच. आमच्याकडे वैशाखात पत्र्याखाली मांजरसुद्धा बसत नाही. “ज्यानं धुळ्याचं ऊन काढलं ते मुंबईच्या दमटात वाकत नाही,” नाना म्हणायचे. मी म्हणालो, नाना, एवढ्या वेळात मी तीन इमारती विकतो. तर म्हणाले, “घाई कोनले शे?”

मला होती. पण मी तोंड मिटून बसलो, आणि ज्यांनी मला पाहिलंय त्यांना माहीत आहे की ही किती मोठी गोष्ट आहे.

*

बेस तयार झाली की नाना ती स्पीकरला लावतात आणि मांडणीकडे कान देतात. प्रत्येक गिटारीला मांडणीवरचं वेगळं भांडं झंकारतं. जे वाजेल ते तिचं नाव. कढई, घागर, परात. एकीला न्हाणीतला बंब घुमला, ती बंब. मुंबईचा एक नावाजलेला वाजवणारा मोठमोठ्या गाण्यांत तीच वाजवतो, आणि त्याच्या काळ्या पिशवीवर आतल्या बाजूला खडूनं ‘बंब’ लिहिलेलं आहे.

या वाजवणाऱ्यांत नाशिकचा शिरीष नानांचा लाडका. तो पायाखाली ठेवायच्या पेट्यांची अख्खी पाटी घेऊन येतो. एक पेटी दाबली की आवाज खरखरीत, दुसरी दाबली की विहिरीतून आल्यासारखा. नाना त्या पाटीकडे बघून दरवर्षी विचारतात, “एवढा मसाला कशाला, भाजी नासली आहे का?” शिरीष हसतो आणि नानांसमोर पाटी उघडत नाही. जोड फक्त वायरची, आणि वायर आवाज मोठा करायच्या डब्याला. तो डबाही नानांनीच केलेला, जुन्या ट्रान्सफॉर्मरवर, बैलगाडीसारखा जड.

“वरचे सूर म्हणजे नटणं,” नाना सांगतात. “खालचा सूर म्हणजे घर. घराकडे कोनी बघत नही. घर काढून घ्या, मग बघा बठ्ठं गाणं कसं रस्त्यावर येस.”

*

आता माझा गुन्हा.

माझ्या तुळईची गिटार झाली तेव्हा मांडणीवरची परात वाजली. मी समोर होतो. पितळेची ती परात अशी गुणगुणली की माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मी म्हणालो, नाना, ही मला हवी. माझा पुतण्या कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो. नाना नाही म्हणाले. मी वर्षभर त्यांच्या मागे लागलो. तुळई माझी होती, मी वाहून आणली होती, माझा पहिला हक्क. शेवटी ते नरमले. का, तर जळगाव जवळ आहे. “जवळ दिलेली बरी. हाकेला येईल,” म्हणाले. आणि एवढंच सांगितलं, “आखाजीला आणायची.”

पुतण्यानं तीन महिने वाजवली. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि परात माझ्या ऑफिसात कपाटामागे उभी. एक दिवस इंदूरचा एक व्यापारी कोरीव दरवाजे घ्यायला आला. त्यानं ती पाहिली आणि असा भाव सांगितला की मी घासाघीस करायची विसरलो. विकली. यात माझं काय चुकलं? वस्तू माझी, मी व्यापारी. ‘आखाजीला आणायची’ म्हणजे ‘विकायची नाही’ असं कुणी धरायचं? अट असेल तर स्पष्ट सांगावी. हे माझं आजही म्हणणं आहे.

त्या आखाजीला मी चांगली पेटीभर आंबे घेऊन गेलो. पंगत बसली होती. पानात पुरणपोळी पडली, रसाची वाटी आली, आणि नाना वाढता वाढता माझ्यासमोर थांबले.

“परात कोठे शे?”

मी सांगितलं. नानांच्या हातात तुपाची वाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

“अंडेर होती ती,” ते म्हणाले. अंडेर म्हणजे लेक. आवाज अजिबात चढला नाही. “ऊठ.”

“नाना, वस्तू आहे...”

“ऊठ शेठ.”

बारा माणसांच्या पंगतीत मला पानावरून उठवलं. मी हात न धुता टेम्पोत बसलो आणि पारोळ्यापर्यंत एकट्यानंच शिव्या दिल्या. पुढचे आठ महिने जो भेटेल त्याला सांगितलं, धुळ्याच्या एका वायरमननं मला पंगतीतून उठवलं. घरी मंडळी ऐकून ऐकून कंटाळल्या. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “अहो, उठवलं हे रोज सांगता. का उठवलं तेही एकदा सांगून बघा ना, तुम्हालाच.”

मी जेवलो नाही त्या दिवशी.

*

मग माघात शिरीष माझ्या आवारात उभा. मला वाटलं भांडायला आला. तो दारांच्या ढिगावर बसला आणि म्हणाला, “भाऊ, नानांनी काम बंद केलंय.”

“मोटारींचं?”

“मोटारी भरतात. गिटार बंद. पत्र्याखाली तीन माना वाळून पडल्यात, हात लावत नाहीत. लाकडाला ठोकतसुद्धा नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, आधी गेलेली येऊ दे.”

मला दारूचं व्यसन नाही, पत्त्यांचं नाही. मला फक्त एका गोष्टीचं व्यसन लागलं होतं, त्या माणसाचा हात लाकडावर फिरताना बघायचं. तो हात माझ्यामुळे थांबला होता. राग होताच माझा, अजून आहे. पण हे मला झेपेना.

इंदूरच्या व्यापाऱ्यानं परात कधीच पुढे विकली होती. पत्ता लागेस्तोवर चैत्र सरला. आखाजीला दोनच दिवस उरले तेव्हा मी इंदूरमध्येच विन्सेंट नावाच्या माणसाच्या दारात पोचलो. हा पन्नाशीचा माणूस, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा. टक्कल, बनियन, आणि मांडीवर माझी परात.

“बेचना नहीं है,” तो मी बसायच्या आत म्हणाला.

“विकत मागतच नाही. फक्त परवा जेवायला चला. धुळ्याला.”

“कौन?”

“तुम्ही. आणि ही. मुख्य म्हणजे ही.”

मी माहेरपणाचं सांगितलं. तो बायकोला हाक मारून म्हणाला, एक पागल आया है, चाय बनाओ.

मी आयुष्यात खूप सौदे केलेत. रडत्या मालकाकडून दार काढून घेतलंय, चढेल बिल्डरला जिना विकलाय. पण एका माणसाला एवढ्या उन्हात पाच तासांच्या रस्त्यानं आमरस खायला नेण्याइतका अवघड सौदा कधी केला नव्हता. गाडी माझी, म्हणालो. नाही. येताना परत सोडतो. नाही. ऑर्केस्ट्राचा बुडालेला दिवस भरून देतो. नाही. चहा संपला. तो उगाच परात छेडत बसला होता. वरच्या बाजूला एका जागी तार टिर्रर्र करत होती. त्याच्या कपाळावर प्रत्येक वेळी आठी पडत होती.

“हे किती दिवसांपासून?” मी विचारलं.

“चार महिने. इंदूरमें सबको दिखाया। किसीसे नहीं हुआ.”

“मान वाकलीय. तुम्ही तारा बदलल्यात, हलक्या लावल्यात. सळई तशीच राहिली, ती आता जास्त ओढतेय.” तीन दिवस आणि एक वर्ष नानांच्या दुकानात बसून मला एवढं समजायला लागलं होतं. “ज्यानं जन्म दिला तो अर्ध्या तासात सरळ करेल. फुकट.”

विन्सेंटनं बनियनवर शर्ट चढवला.

*

आखाजीच्या दुपारी आम्ही नानांच्या दारात उतरलो तेव्हा पंगत उठत आली होती. मी मागे उभा राहिलो. म्हटलं पुन्हा ऊठ म्हणाले तर बसलेलो तरी नको. विन्सेंटनं पाठीवरची पिशवी काढली.

नाना भाकरीचा तुकडा आणायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा डोळे पुसलेले होते. तुकडा ओवाळला, टाकला, पिशवीची चेन उघडली आणि परात मांडीवर घेऊन तिथेच ओट्यावर बसले.

“वाळी गयी वं पोर,” ते तिला म्हणाले. मग विन्सेंटकडे बघून कडक आवाजात, “कुठल्या तारा या? हिला असलं खायला घालता?”

विन्सेंटला मराठी अर्धीच कळायची, पण ओरडा पूर्ण कळला. त्यानं कान पकडले. शिरीष हसला, मग सगळेच हसले. नानांनी तारा बदलल्या, सळईचा नट पाव फेरा सैल केला, थांबले, कान लावला, पुन्हा जरासा. टिर्रर्र गेलं. अख्ख्या इंदूरात कुणाला न जमलेलं काम, पाव फेरा आणि थोडा. मी पाहत राहिलो.

“शेठ,” नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, “पान वाढलंय.”

मी जेवलो. रस जरा आंबट होता. तीन वाट्या प्यायलो.

जेवण झाल्यावर विन्सेंटनं विचारलं, हा पिकअप कुणी भरला? त्याच्या एका मित्रानं महागडा परदेशी पिकअप देऊ केला होता, पण यानं हा काढू दिला नाही. असा आवाज मी दुसरीकडे ऐकलाच नाही, तो म्हणाला. मी नानांना मराठीत सांगितलं.

नानांनी वाइंडिंगच्या हातयंत्रावर हात ठेवला.

“आमची मंडळी भरायची,” ते म्हणाले. “फक्त आखाजीच्या दिवशी. हा तिचा शेवटचा, राखून ठेवलेला.”

मी विचारलं, आखाजीच्याच दिवशी का?

“कारण ती माहेरी जात नव्हती.” ते यंत्राचा दांडा नुसताच मागेपुढे करू लागले. “आमच्या लग्नात तिच्या भावांनी टॉवेल-टोपी आधी माझ्या चुलत्याला दिली, मग माझ्या वडिलांना. एवढंच. गडबडीत झालं असेल. मी भर मांडवात बोललो, हिचा पाय पुन्हा तुमच्या उंबऱ्याला लागणार नाही. आणि शब्द पाळला. येक आखाजीले गयी नही ती. गाव किती लांब? बसनं अर्धा तास. सकाळी स्वयंपाक करायची आणि इथे येऊन तार गुंडाळत बसायची. ओठ हलत असायचे. मला वाटायचं फेरे मोजतेय. मी ओरडायचो, फेरे चुकतात तुझे, नीट मोज. यंत्राच्या घरघरीत तिचा आवाज मला कधी आला नाही. ती गेल्यावर शेजारच्या अक्कांनी सांगितलं. मोजत नव्हती रे दगू. आखाजीची गाणी म्हणायची.”

नानांनी दांडा सोडला.

“नंतर मी तिचा एक पिकअप उकलून पाहिला. तार ठरावीक फेऱ्यांनंतर उडी मारायची. पुन्हा तेवढेच फेरे, पुन्हा उडी. चाल होती ती गाण्याची. मी पन्नास वेळा तसं भरायचा प्रयत्न केला. यंत्र माझं, तार माझी, हात माझा. येत नही.”

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “मागच्या आखाजीला तू परात आणशील, ती घेऊन मंडळीच्या माहेरी जायचं असं ठरवलं होतं मी. धीर गोळा केला होता. दोन भाऊ होते तिचे. थोरले गेल्या पौषात वारले.”

  मी उठलो आणि खिशातून टेम्पोची चावी काढली.

“विन्सेंट,” मी म्हणालो, “और आधा घंटा.”

*

तिघं पुढे बसलो, परात विन्सेंटच्या गुडघ्यांमध्ये. गावाबाहेर एका कापडाच्या दुकानाशी नानांनी गाडी थांबवायला लावली. टॉवेल आणि टोपी घेतली. दुकानदारानं भाव सांगितला आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

“आज नको शेठ,” नाना म्हणाले. मी तोंड मिटलं.

माहेरच्या ओट्यावर धाकटे भाऊ बसले होते. सत्तरीचे, हातात काठी. झोका रिकामा हलत होता, पोरी आत जेवत असाव्यात. नाना गाडीतून उतरले आणि अंगणाच्या कडेलाच थांबले. म्हातारबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. ओळखलं. उठले नाहीत, पण काठी बाजूला ठेवली.

“या दाजी,” ते म्हणाले.

नाना वर चढले. टॉवेल म्हातारबांच्या खांद्यावर टाकला, टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती जरा वाकडी बसली. म्हातारबांनी ती सरळ केली नाही. मग नानांनी परात त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “हिच्यात तिचं गाणं शे.”

“वाजवा की मग.”

आवाज मोठा करायचा डबा धुळ्यातच राहिला होता. डब्याशिवाय बेसचा आवाज जेमतेम हातभर जातो. नानांनी जाड तार छेडली. मला पायरीवर काही ऐकू आलं नाही. विन्सेंटलाही नाही. ते दोघे म्हातारे मात्र खाली वाकले, डोकी एकमेकांना लागेपर्यंत जवळ आणली, आणि तार थांबेस्तोवर तशीच ठेवली. मग धाकट्या भावांनी बोटानं खूण केली, पुन्हा.